आठ फुटांवरचं झाड

आमच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट गेल्या वर्षी झालं. एक तरुण अभियंता छोटी हातोडी घेऊन पार्किंगमधल्या एकेका कॉलमपाशी गेला, ठोकून कान लावला आणि आवाज जिथे बद्द आला तिथे खडूनं फुली मारली. बी विंगच्या कोपऱ्यातल्या कॉलमवर तीन फुल्या पडल्या. त्या कॉलमपासून आठ फुटांवर आमचा पर्जन्यवृक्ष उभा आहे. सगळे त्याला रेन ट्री म्हणतात, वॉचमनकाका शिरीष म्हणतात. बुंधा एका माणसाच्या कवेत मावत नाही आणि वरचा पसारा गच्चीवर आलेला. अभियंत्यानं त्याच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. मी सहज म्हटलं, "यालाही दोन टोले मारा की!" तो हसला. "मॅडम, झाड स्कोपमध्ये नाही."

झाड कोणाच्याच स्कोपमध्ये नाही, हेच माझं दुखणं आहे.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर 5 वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी करायचं असतं. आग विझवण्याची यंत्रणा नीट असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, वर्षातून दोनदा द्यावा लागतो, जानेवारीत आणि जुलैत. लिफ्टची तपासणी वेगळी. पाण्याची टाकी कधी धुतली त्याची तारीखसुद्धा टाकीवर रंगवलेली असते. आणि या सगळ्याला खेटून जी कित्येक टनांची वस्तू उभी आहे, वाऱ्यात डोलते, दरवर्षी वाढते, आतून कुजूही शकते, तिची शेवटची तपासणी कधी झाली असं विचारलं तर कमिटीतले सगळे एकमेकांकडे बघतात.

कायदा मात्र आहे, आणि चांगला कडक आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 सालचा. त्याखाली वृक्ष प्राधिकरण आलं, परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा झाला. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं आणि त्यावरच्या झाडांना हेरिटेज ट्री ठरवलं आणि झाड जितक्या वर्षांचं तितकी रोपं बदल्यात लावायला सांगितलं. साठ वर्षांचं झाड गेलं तर साठ रोपं. ती पेव्हर ब्लॉकनं मढवलेल्या आमच्या आवारात कुठे लावायची हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. पण सोसायटीच्या फाटकाशी हा कायदा सहसा एकाच प्रश्नासाठी येतो: तोडायचं की नाही? मधली वर्षं, म्हणजे झाडाचं जवळजवळ सगळं आयुष्य, कोणी बघायची याबद्दल सोसायटीला कोणी विचारत नाही. मुंबईच्या गेल्या वृक्षगणनेत सुमारे 29 लाख 75 हजार झाडं मोजली गेली आणि त्यांतला फार मोठा वाटा रस्त्यांवर किंवा बागांत नसून खासगी आवारांत आहे. म्हणजे माझ्या-तुमच्यासारख्यांच्या ताब्यात, ज्यांना लिंब आणि बकाण यांतला फरक सांगता येत नाही.

सर्वसाधारण सभेत झाडाचा विषय निघाला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. दोन तट पडतात. एका बाजूला गाडीवर कावळे-बगळे घाण करतात, शेंगांचा चिकट रस काचेवर पडतो, पानांनी पन्हळ तुंबते म्हणून वैतागलेले. दुसऱ्या बाजूला "झाडाला हात लावाल तर याद राखा" म्हणणारे. पहिल्या तटाला एक शब्द सापडलेला असतो: धोकादायक. गाडी घाण होते म्हणून अर्ज करता येत नाही, धोकादायक आहे म्हणून करता येतो. दुसऱ्या तटाला हे ठाऊक असतं, त्यामुळे झाड खरोखर धोकादायक असलं तरी त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांना दोष तरी कसा द्यावा? 2019 च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्रीत करवती सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं आडवी झाली होती. ते पाहिलेल्या माणसाला सोसायटीच्या एका अर्जातही काळंबेरं दिसणारच.

पण याची दुसरी बाजूही त्याच मुंबईत घडली आहे. 2017 च्या जुलैत चेंबूरमध्ये रस्त्यानं चाललेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं. ती वाचली नाही. सीसीटीव्हीतलं ते दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. त्या झाडाबद्दल आधी अर्ज झाला होता, पाहणी झाली होती, झाड ठीक आहे असा निर्वाळाही मिळाला होता. माडाचं हे असंच असतं. लाल सोंड्या भुंग्याच्या अळ्या आतून गाभा खातात. बाहेर खोडावर चार छोटी भोकं, त्यांतून ओघळलेला तांबूस चिकट रस, भोकाच्या तोंडाशी चघळलेल्या काथ्यासारखा भुसा, एवढीच खूण. वर झावळ्या हिरव्यागार. खालून वर बघून "ठीक आहे" म्हणणाऱ्याला हे दिसत नाही. खोडाशी नाक नेणाऱ्या पाडेल्याला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला, दिसतं. (नारळ म्हणजे झाड की नाही यावरही आपल्याकडे घोळ झालेला आहे. गोव्यात 2016 साली त्याला झाडांच्या व्याख्येतून वगळलं आणि वर्ष-दीड वर्षात तोच राज्यवृक्ष झाला.)

म्हणून "धोकादायक" हा शब्द जरा तपासून घ्यायला हवा. माळावर एकटं उभं असलेलं, आतून पार पोखरलेलं आंब्याचं झाड धोकादायक नसतं. त्याच्याखाली कोणी झोपत नाही. त्याच झाडाखाली कोणी पत्र्याची शेड टाकून चहाची टपरी काढली की ते धोकादायक झालं, आणि झाडात मात्र तसूभरही फरक पडलेला नाही. धोका असतो तो झाड आणि त्याखाली आपण काय ठेवलंय या जोडीत. हे एकदा मान्य केलं की मार्ग दोन दिसू लागतात: झाड हलवा, नाहीतर खालची वस्तू हलवा. सभेत दुसऱ्या मार्गाचं नाव कोणी काढत नाही, कारण खालची वस्तू म्हणजे कोणाची तरी पार्किंगची जागा असते.

धोका खोटा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. फांदीचं वजन किती असतं याचा आपल्याला अंदाजच नसतो. एक फूट जाडीची, पंधरा-सोळा फूट लांबीची ओली फांदी तीनशे किलोच्या घरात जाते. म्हणजे दोन मोटरसायकली चौथ्या मजल्यावरून खाली सोडल्यासारखं. आणि ती वादळातच पडते असंही नाही. रणरणत्या दुपारी, पान हलत नसताना मोठी फांदी कडाडून खाली आल्याची उदाहरणं आहेत. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी, मे 2021 मध्ये, कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी 114 किलोमीटरवर गेला आणि मुंबईत दोन हजारांहून अधिक झाडं पडली. त्यांतली सगळीच म्हातारी नव्हती. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेकडचा. भराभर वाढतात, सावली देतात, म्हणून आपण ते हौसेनं लावले. मोकळ्या मैदानात ते शोभतातही. पण ज्याचा विस्तार सहज ऐंशी फुटांवर जातो ते झाड कुंपण आणि इमारतीमधल्या दहा फुटी पट्टीत लावणं हा झाडाचा गुन्हा नव्हे. झाड मुळात चुकीच्या जागी लावलेलं असतं आणि पन्नास वर्षांनी आपण म्हणतो, ते माजलं.

मुळांबद्दल तर इतके गैरसमज आहेत की त्यावर थोडं थांबायला हवं. झाड वर जितकं उंच तितकंच खाली खोल असतं, असं चित्र आपण शाळेपासून डोक्यात ठेवतो. प्रत्यक्षात मोठ्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात, आणि फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर पसरतात. ती चांगल्या, अखंड पायाला भोक पाडत नाहीत. पाणी जिथे मिळेल तिथे जातात. ड्रेनेजच्या जुन्या चिनी मातीच्या पाइपाचा सांधा आधी गळायला लागतो, मूळ नंतर येतं. प्लंबर मात्र आत सापडलेला मुळांचा बोळा हातात धरून दाखवतो, "बघा, झाडानं पाइप फोडला", आणि आपण माना डोलावतो.

खरा घोटाळा मातीचा आहे, आणि तो गावागणिक वेगळा. सोलापूर, परभणी, यवतमाळ, नागपूरकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर उथळ पायाचं घर आणि त्याच्या एका कोपऱ्याला मोठा लिंब असेल, तर उन्हाळ्यात झाड त्या कोपऱ्याखालचं पाणी ओढून घेतं, तिथली माती जास्त आकसते, कोपरा किंचित खचतो. खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरकी जाणारी भेग दिसते ती ही. मे महिन्यात तिच्यात दहा पैशाचं नाणं बसतं, ऑगस्टमध्ये ती मिटते. गवंडी दरवर्षी तिच्यात सिमेंट भरतो आणि दरवर्षी ती पुन्हा उघडते. आता यावर सोपा उपाय वाटतो: लिंब तोडा. पण झाड गेलं की त्यानं इतकी वर्षं कोरडी ठेवलेली माती हळूहळू पाणी पिऊन फुगू लागते आणि तोच कोपरा आता वर उचलला जाऊ शकतो. तोडल्यानं भिंत सरळ होतेच असं नाही. अशा जमिनीत आधी छपराचं पाणी घरापासून लांब न्यावं, जोत्याभोवती उतार द्यावा, मग झाडाकडे वळावं. पण "झाड" म्हटलं की करवत आठवते आणि "गटार" म्हटलं की कोणालाच काही आठवत नाही.

कोकणात याच्या अगदी उलट. दापोली तालुक्यातल्या माझ्या आजोळी पडवीच्या पश्चिमेला एक फणस होता. आजोबांनी लावलेला. त्याचे गरे मी लहानपणी इतके खाल्ले आहेत की आजही फणसाचा वास आला की हाताला तेल लावावंसं वाटतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला धडकलं आणि दुपारी तो फणस पडवीवर आला. आढं मोडलं, वासे मोडले, कौलांचा चुरा माजघरापर्यंत. घरातली माणसं मागच्या खोलीत होती म्हणून वाचली. मी दोन महिन्यांनी पोहोचले तेव्हा बुंधा कापून नेलेला होता, पण मुळांचा गड्डा तसाच उभा होता, भिंतीसारखा, पुरुषभर उंच. जाडी मात्र जेमतेम दीड फूट. खाली जांभा. मुळं त्या कातळापर्यंत गेली आणि आडवी वळली, बिचारी दुसरं काय करणार? आणि त्या गड्ड्याच्या समुद्राकडच्या बाजूला मनगटाएवढी चार मुळं सरळ कापलेली होती. कुदळीची कड स्पष्ट दिसत होती. मामाला विचारलं तर तो म्हणाला, "अगो, दोन वर्षांपूर्वी विहिरीवरून पाइप आणला ना, तेव्हा चर मीच खणला. मुळं मध्ये येत होती." वारा येतो त्या बाजूची मुळं म्हणजे तंबूची ताणलेली दोरी. ती तोडून फणस आणखी दोन पावसाळे उभा राहिला याचंच आश्चर्य.

मामानं त्यानंतर काय केलं? जे बहुतेकांनी केलं तेच. घराभोवतीचं सगळं तोडलं. दोन निरोगी आंबे गेले, बांधावरचा एक किंजळ गेला. कौलं मिळेनात म्हणून पत्रे घातले. पुढच्या उन्हाळ्यात मामी फोनवर म्हणाली, "दुपारी घरात बसवत नाही. पडवीत बसावं तर सावली नाही." आणि बांधावर सगळ्यांच्या आडोशाला वाढलेला एक माड आता एकटाच वारा खात उभा आहे. घोळक्यात वाढलेलं झाड एकटं पडलं की जास्त धोक्यात येतं, हे जंगलाशी संबंध असलेल्या कोणालाही विचारा.

शहरात हा चर रोज खणला जातो. आज केबल, उद्या गॅस, परवा ड्रेनेज. वरून बुंध्याला अगदी चिकटून काँक्रीट. राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीच्या बाबतीत 2013 मध्येच झाडाभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आमच्या पर्जन्यवृक्षाला एक वीतभरही आळं नाही. पेव्हर ब्लॉक सालीत रुतलेत.

आणि छाटणी! दर मे महिन्यात ट्रक येतो, दोन तासांत झाडाचं मुंडण होतं, लोक समाधानानं म्हणतात, "आता पावसाळ्याची काळजी नाही." अर्धी फांदी खुंट ठेवून तोडली की जखम भरत नाही, तिथून कूज आत शिरते. भोवती पाच-सात फुटवे जोमानं येतात, पण ते सालीच्या कडेला चिकटलेले असतात, गाभ्यातून आलेले नसतात. चार वर्षांनी तेच मनगटाएवढे होतात आणि तेच पहिल्यांदा तुटतात. त्यात इमारतीकडच्या बाजूच्याच फांद्या तोडायच्या, म्हणजे सगळा भार रस्त्याकडे. अनेक ठिकाणी तोडणाऱ्याला मजुरीबरोबर लाकूडही मिळतं. ज्याला लाकूड हवं त्याला किती कापू असं विचारलं तर तो काय सांगणार?

एवढ्या मोठ्या झाडाचं भय बाळगणारे आम्ही, गच्चीवरच्या पाइपाच्या सांध्यातून डोकावणाऱ्या वीतभर पिंपळाकडे मात्र वर्षानुवर्षं कानाडोळा करतो. घराला खरोखर फोडणारं झाड ते. कावळ्याच्या विष्ठेतून बी येतं, सांध्यात रुजतं, आणि मूळ भिंतीच्या आत जाडी धरतं. रंगारी दर दिवाळीला कोयत्यानं वरचा भाग उडवतो, मूळ आत तसंच. कोणी तोडायला धजावत नाही म्हणूनही तो राहतो. पूर्वीची माणसं या बाबतीत हुशार होती. पिंपळावर मुंजा असतो असं सांगून त्यांनी पिंपळ घरापासून लांब, पाराशी ठेवला. मुंज्यावर माझा विश्वास नाही, पण अंतरावर आहे.

तर म्हणणं एवढंच की इमारतीच्या ऑडिटमध्ये आवारातली झाडं यायला हवीत. वीस फुटांच्या आत उभं असलेलं प्रत्येक मोठं झाड, पावसाळ्याआधी एकदा आणि मोठ्या वादळानंतर एकदा, झाडाची विद्या शिकलेल्या माणसानं बघावं, आणि त्या माणसाची मिळकत लाकडावर अवलंबून नसावी. बुंध्याशी अळंबी आली का, एका बाजूची माती उचललीय का, दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात चीर आहे का, हे बघायला परदेशी यंत्र लागत नाही. लागलंच तर खोडाच्या आतली पोकळी दाखवणारी यंत्रंही आता मिळतात. त्याच्या अहवालावर छाटणीची परवानगी आठवड्यात मिळावी, आणि तोडच करायची असेल तर तीही मिळावी, रडारड न करता. काही झाडं जायलाच हवीत. हरितवाल्या मित्रांना हे पटणार नाही, पण शंभरातलं एक वेळेवर काढलं नाही की ते ज्या दिवशी पडतं त्या दिवशी उरलेल्या नव्व्याण्णवांवर अर्ज पडतात. माझ्या मामानं तेच केलं.

आणि तोडणं हा एकच उपाय आहे असं कायद्यालाही वाटत नाही. पडू शकणाऱ्या झाडाबद्दल दंडाधिकाऱ्याला आदेश देता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम 133 होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 152 आहे. त्यात झाड काढून टाका किंवा त्याला आधार द्या, असे दोन्ही पर्याय लिहिले आहेत. आधार! टेकू लावलेलं झाड आपल्या शहरात शेवटचं कधी पाहिलं ते आठवून बघा.

आमच्या सभेत मी हा विषय नेला. इमारतीच्या रंगाचं लाखांचं कोटेशन दहा मिनिटांत मंजूर झालं, झाड तपासायच्या आठ हजारांवर चाळीस मिनिटं वाद झाला. शेवटी "बाईंचं समाधान होऊ दे" म्हणून पास झालं. झाडांचा जाणकार आला, त्याच्या हातात लाकडी हातोडा होता. खांद्याएवढ्या उंचीवर त्यानं चारी बाजूंनी ठोकलं, आवाज भरीव. खाली वाकून बी विंगच्या बाजूला ठोकलं, तिथे बद्द. त्यानं खिशातून खडू काढून फुली मारली. फुलीच्या खाली, पेव्हर ब्लॉकवर, पाच स्कूटर ओळीनं लावलेल्या होत्या.

त्याचा अहवाल दीड पानांचा आहे. झाड ठेवा. गच्चीवर आलेल्या दोन फांद्या बेचक्यापासून नीट काढा. बुंध्याभोवतीचे ब्लॉक चार-चार फूट उखडून आळं करा, म्हणजे स्कूटर आपोआप हलतील. दर वर्षी मे महिन्यात ठोकून बघा, पोकळी वाढली तर निर्णय बदला. फांद्यांची परवानगी आली, फांद्या गेल्या. ब्लॉक उखडायचा ठराव दोनदा पुढे ढकलला गेला आहे. ज्यांची स्कूटर आहे त्यांतले एक परवा लिफ्टमध्ये मला म्हणाले, "त्यापेक्षा झाडच काढलं असतं तर एकदाचा विषय संपला असता, नाही का?"